जुनो-१०६ चा एक व्हॉइस आजारी, आणि 'आय फील लव्ह' ते 'टेक ऑन मी': चार आवाज कसे काढायचे?

तिहाई_१६:

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत, पण एकमेकांत गुंतलेले, म्हणून एकाच धाग्यात टाकतो.

पहिला. रोलँड जुनो-१०६ या सिंथसायझरवर ओळीने पट्ट्या वाजवल्या की दर सहावा स्वर बिघडलेला येतो. कधी करकरतो, कधी अगदी बारीक येतो, कधी पट्टी सोडली तरी मागे गुणगुणत राहतो. बाकी पाच ठणठणीत. हा ८००१७ए या चिप-मॉड्यूलचा तो प्रसिद्ध आजार का? खात्री कशी करायची? आणि ॲसिटोनचा उपाय करावा की नवीन मॉड्यूल घालावं?

दुसरा. जुन्या पॉप गाण्यांचा कार्यक्रम बसवतोय. चार आवाज हवेत: 'आय फील लव्ह'चा धावता बेस, ऐंशीच्या दशकातल्या संथ प्रेमगीतांमधला काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो, 'जंप'चे कॉर्ड आणि 'टेक ऑन मी'ची सुरुवातीची धून. जुनो सोडला तर बाकी सगळं सॉफ्टवेअर. प्रीसेट (तयार आवाज) भरपूर चाळले. नावं तीच, पण ऐकायला मुळमुळीत. नेमकं काय निसटतंय?

सोल्डरचा_धूर:

आधी आजारी माणूस बघू, गाणं नंतर.

जुनोला सहा व्हॉइस आहेत, म्हणजे एका वेळी सहा स्वर वाजवणारे सहा वेगळे मार्ग. प्रत्येकाला एक ८००१७ए, ज्यात फिल्टर आणि व्हीसीए (आवाजाची पातळी सांभाळणारा भाग) दोन्ही आहेत. आणि दर दोन व्हॉइसमागे एक एमसी५५३४ए, जो मूळ तरंग तयार करतो. म्हणजे पहिले सहा आणि दुसरे तीन. हे गणित लक्षात ठेवलं की अर्धं निदान तिथेच होतं.

मशीन बंद करा. 'की ट्रान्सपोज'चं बटण दाबून धरा आणि तसंच धरून चालू करा. हा टेस्ट मोड. आता पट्टी दाबली की डिस्प्लेवर कोणता व्हॉइस वाजतोय त्याचा आकडा येतो. एकेक स्वर शांतपणे वाजवत जा आणि बिघडलेल्या स्वराला कोणता आकडा येतो ते लिहून ठेवा. निदान पाच-सहा फेऱ्या करा, कारण हा बिघाड गरम-थंडवर अवलंबून असतो. थंड मशीनमध्ये दिसतो आणि वीस मिनिटांनी गायब होतो, किंवा बरोबर उलटं.

मग लक्षणं. करकर, आवाज खचणे, फिल्टर आपोआप उघडा राहणे, पट्टी सोडल्यावर स्वर न मरणे: हे ८००१७ए. स्वर सुरात नाही, किंवा सॉ आणि पल्स या तरंगाच्या दोन आकारांतला एकच येतो, किंवा जोडीतले दोन्ही व्हॉइस (१-२, ३-४, ५-६) एकदम गडबडतात: हे एमसी५५३४ए. सहाही सारखेच बिघडले तर व्हॉइसच्या वाटेला जाऊच नका. वीजपुरवठा, कोरस (आवाज रुंद करणारा इफेक्ट) किंवा शेवटचा व्हीसीए बघा. +१५, −१५ आणि +५ व्होल्ट हे तीन पुरवठे मल्टीमीटरने मोजायला दोन मिनिटं लागतात, आणि ते न मोजता चिप बदलणारे लोक कमी नाहीत.

८००१७ए का मरतो? तो एका छोट्या पाटीवर बसवलेल्या बारीक भागांचा गठ्ठा आहे आणि वरून काळ्या इपॉक्सीत बुडवलेला आहे. ते आवरण वर्षानुवर्षांत किंचित वीजवाहक होतं. आतल्या सर्किटमध्ये अतिसूक्ष्म प्रवाहाचे बिंदू आहेत, तिथे एवढीशी गळतीसुद्धा पुरते. व्हीसीए पूर्ण बंद होत नाही, फिल्टर भरकटतो. चिप जळलेली नसते, तिचं पांघरूण तिला छळत असतं. म्हणूनच ॲसिटोन चालतो.

ॲसिटोनची रीत अशी. मॉड्यूल काढण्याआधी प्रत्येक पायावर थोडं ताजं सोल्डर द्या, मग पंपाने ओढा. सोल्डरिंगची इस्त्री ३५० अंशांच्या वर नेऊ नका, नाहीतर बोर्डावरची तांब्याची चकती उचलली जाते आणि एका दुरुस्तीच्या दोन होतात. मॉड्यूल काचेच्या झाकणाच्या बाटलीत, पूर्ण बुडेल इतक्या शुद्ध ॲसिटोनमध्ये, एक ते तीन दिवस. आवरण फुगून साबणासारखं मऊ झालं की लाकडी काडी आणि मऊ ब्रशने सोडवा. धातूचं काहीही लावू नका. सगळ्यात जास्त मॉड्यूल इथेच मरतात: अर्धवट मऊ झालेलं आवरण ओढलं की त्याबरोबर एखादा कपॅसिटर निघून येतो. अडत असेल तर परत बुडवा, घाई नको. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळवा, मग बसवा. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको.

बसवल्यावर त्या व्हॉइसचे ट्रिमर (बारीक जुळणीचे स्क्रू) सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे लावावेच लागतात. मशीन किमान १५ मिनिटं तापू द्या, मग हात लावा. हे न करता 'ॲसिटोनने आवाज बदलला' म्हणणाऱ्यांचं सेटिंग चुकलेलं असतं.

चौथा_ध्रुव:

निदान पटलं, उपाय अर्धाच पटला. ॲसिटोनने जिवंत झालेला मॉड्यूल किती वर्षं टिकेल याची खात्री कोणी देत नाही. आतले बारीक भाग आता उघडे पडलेत. मशीन घरात राहणार असेल तर ॲसिटोन ठीक. रंगमंचावर न्यायचं असेल तर सहाही जागी नव्याने बनवलेले पर्यायी मॉड्यूल घाला. सहाही एवढ्यासाठी की एक गेला म्हणजे बाकीचे त्याच वयाचे आहेत, आणि दरवेळी मशीन उघडून पुन्हा ट्रिमर लावणं हेच खरं कष्टाचं काम आहे. एक मात्र आवर्जून करा: मॉड्यूलऐवजी आधी सॉकेट सोल्डर करा. पुढच्या वेळी इस्त्री लागणारच नाही.

आणि मशीन उघडलंच आहे तर बॅटरी बघा. सीआर२०३२, पाय जोडून थेट सोल्डर केलेली. ती काढली की १२८ पॅच (साठवलेले आवाज) गेले. आधी टेपच्या जॅकमधून सगळे पॅच ध्वनी म्हणून टिपून ठेवा. फोन किंवा लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण केलं तरी चालतं, फक्त एमपी३ करू नका, संकुचित केलेली फाइल परत वाचली जाईलच असं नाही. मग जुन्या बॅटरीच्या जागी होल्डर बसवा.

आणखी एक, सगळ्यात महागात पडणारी चूक: जपानी बाजारासाठीची मशीन १०० व्होल्टची असतात. मागची पाटी वाचल्याशिवाय वायर लावू नका.

मंद्र_सप्तक:

मी बेसवर बोलतो, कारण 'आय फील लव्ह'च्या बाबतीत लोक चुकीच्या जागी शोधतात. मूगचा फिल्टर, मूगचा फिल्टर करत बसतात. फिल्टर महत्त्वाचा आहेच, पण त्या बेसची धाव डिलेमध्ये, म्हणजे आवाजाच्या उशिरा येणाऱ्या प्रतीत आहे.

गाणं १९७७ चं. डोना समर यांचा आवाज, निर्माते जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट, वाद्य म्हणजे मोठं मॉड्यूलर मूग. रॉबी वेडेल या तंत्रज्ञांनी टेपवर नोंदवलेल्या संकेताला सिक्वेन्सर (स्वर आपोआप ओळीने वाजवणारं यंत्र) जखडून ठेवला, त्यामुळे एकावर एक थर घेता आले. मूग सुरातून सतत घसरायचं म्हणून थोडं थोडं वाजवून, पुन्हा सुरात लावून काम झालं. आणि गंमत म्हणजे, ज्याला आपण संपूर्ण यंत्राचं गाणं म्हणतो त्यातला किक ड्रम कीथ फोर्सी यांनी हाताने, म्हणजे पायाने, वाजवलेला आहे.

आता बेस. सिक्वेन्सर वाजवतो आठवे भाग. तो सरळ आवाज एका बाजूला, आणि त्याचीच एक सोळाव्या भागाने उशिरा आलेली प्रत दुसऱ्या बाजूला. दोन्ही कान मिळून सोळावे भाग ऐकतात. प्रत हुबेहूब तीच असल्यामुळे यंत्र दुप्पट वेगाने पळतंय असं वाटतं, पण प्रत्येक सुराच्या जोडीत एक झुलता तोल राहतो. थेट सोळावे भाग प्रोग्रॅम केले की हा तोल मरतो. तुम्हाला मुळमुळीत वाटतंय ते बहुधा हेच.

सॉफ्टवेअरमध्ये असं करा:

दोन सॉ ऑसिलेटर (मूळ तरंग काढणारे भाग), एकाच सप्तकात, अंतर ३ ते ५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). त्याहून जास्त केलं तर बेस हेलकावे खातो. फिल्टर २४ डेसिबल प्रति सप्तक, कटऑफ (जिथून वरचा आवाज कापला जातो) खाली, रेझोनन्स (त्या जागेवरचा उठाव) साधारण २० टक्के. फिल्टरचं एन्व्हलप (स्वराचा चढ-उतार: अटॅक चढणं, डिके उतरणं, सस्टेन टिकणं, रिलीज पट्टी सोडल्यावर विझणं): अटॅक शून्य, डिके १५० मिलिसेकंदांच्या आसपास, सस्टेन शून्य. व्हीसीएचं एन्व्हलपही जवळपास तसंच.

आता डिले. समजा लय १२८. एक ठोका म्हणजे ६०००० भागिले १२८, म्हणजे ४६८.७५ मिलिसेकंद. त्याचा चौथा हिस्सा ११७ मिलिसेकंद. डिले एवढाच, फीडबॅक शून्य, प्रत पूर्ण उजवीकडे, मूळ पूर्ण डावीकडे. पिंगपाँग डिले लावू नका, त्यात फीडबॅक असतो आणि चार ठोक्यांत चिखल होतो.

सगळ्यात नेहमीची चूक: स्वराची लांबी. मूळ स्वर ११७ मिलिसेकंदांहून लांब राहिला की तो प्रतीवर चढतो. हेडफोनवर चालून जातं, पण मोनो स्पीकरवर दोन्ही मिसळले की काही वारंवारता एकमेकींना खातात आणि बेस पोकळ होतो. गेट (स्वराची लांबी) ९० मिलिसेकंदांपर्यंत आणा, डिके कमी करा, मग मोनोचं बटण दाबून तपासा. कार्यक्रमाच्या ठिकाणी ध्वनियंत्रणा मोनो असेल तर हे आधीच तपासलेलं बरं.

सूर घसरण्याचा परिणाम हवा असेल तर ऑसिलेटरला अतिशय संथ, दहा-बारा सेकंदांची एक फेरी असा एलएफओ (हळू डोलवणारी लहर) द्या, खोली २ सेंट. दिसायला काही नाही, ऐकायला खूप.

ऑपरेटर_सहा:

इलेक्ट्रिक पियानो म्हणजे यामाहा डीएक्स७, १९८३, फॅक्टरीतला 'ई. पियानो १' हा पॅच. व्हिटनी ह्यूस्टनच्या 'ग्रेटेस्ट लव्ह ऑफ ऑल'मध्ये तो स्वच्छ ऐकू येतो. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांनी शोधलेलं एफएम तंत्र यामाहाने परवान्यावर घेतलं, त्याचं हे सगळ्यात गाजलेलं फळ. फिल्टर नाही, सॉ नाही. सहा साइन लहरी एकमेकींना डोलावतात, बस्स.

डेक्स्ड नावाचं मोफत प्लगइन घ्या, त्यात मूळ पॅच जसाच्या तसा चालतो. पण आत काय आहे ते कळलं तर सुधारता येईल. अल्गोरिदम ५, म्हणजे तीन स्वतंत्र जोड्या. प्रत्येक जोडीत खालचा ऑपरेटर ऐकू येतो, वरचा त्याला डोलावतो. दोन जोड्यांत प्रमाण १ ला १, त्यातून गोलसर अंग मिळतं. तिसरीत ऑपरेटर २ चं प्रमाण १४, त्यातून तो 'टिंग'. ऐकू येणारे तिन्ही ऑपरेटर (१, ३, ५) ९९ वर. डोलावणारे: ऑपरेटर २ ची पातळी ५८, ४ ची ८९, ६ ची ७९. फीडबॅक ६.

सगळी जादू वेगात आहे. पट्टी जोरात दाबली की डोलावणाऱ्यांची पातळी वाढते, म्हणजे आवाज मोठाच होत नाही, त्याचा रंग बदलतो. आणि इथेच आजचे कीबोर्ड दगा देतात. मूळ डीएक्स७ ची पट्टी कितीही हाणली तरी सहसा १२७ पर्यंत पोचत नाही. आजचे कंट्रोलर सहज पोचतात. त्यामुळे तोच पॅच आज वाजवला की पत्रा वाजल्यासारखा. उपाय: व्हेलॉसिटीचा (पट्टी किती जोरात दाबली त्याचा) वरचा टोकाचा आकडा १०० ते १०५ वर बांधा. फिल्टर लावून कर्कशपणा कापू नका, टिंगही जाईल.

दुसरं, डीएक्स७ मध्ये एकही इफेक्ट नाही आणि आउटपुट मोनो. रेकॉर्डवर जो रुंद, ओला पियानो ऐकू येतो त्यात स्टुडिओतला कोरस आणि रिव्हर्ब आहे. सुका पॅच ऐकून निराश होऊ नका. कोरस मंद ठेवा, खोली कमी, मग मध्यम लांबीचा रिव्हर्ब. तिसरं, मूळ मशीनचा डीएसी (आकड्यांचा आवाज करणारा भाग) १२ बिटचा, त्यामुळे स्वर विझताना किंचित खरखर येते. डेक्स्डमध्ये 'मार्क वन' इंजिन निवडलं तर त्या जवळ जाता येतं. गाण्यात मात्र हा फरक ड्रमखाली दबून जातो, त्यावर रात्र घालवू नका.

कधी खरा डीएक्स७ हाती आला तर: ३२ पॅचची सिसेक्स फाइल (मशीनला पॅच पाठवण्याची फाइल) बरोबर ४१०४ बाइटची असते, एका पॅचची १६३. आकार वेगळा असेल तर फाइलच खराब आहे. पाठवण्याआधी मेमरी प्रोटेक्ट बंद करा. दहापैकी आठ वेळा अडचण तीच असते.

खुला_फिल्टर:

उरलेले दोन मी घेतो.

'जंप' म्हणजे ओबरहाइम ओबी-एक्सए. एडी व्हॅन हेलन यांनी त्यावर वाजवलं. आवाज साधा आहे, म्हणूनच फसवतो. प्रत्येक व्हॉइसला दोन सॉ, एकाच सप्तकात, अंतर ६ ते ८ सेंट. फिल्टर १२ डेसिबलचा निवडा आणि जवळजवळ पूर्ण उघडा. २४ चा लावलात तर आवाज जाड होतो, चमक जाते. रेझोनन्स शून्य, अटॅक शून्य, सस्टेन पूर्ण, रिलीज २०० मिलिसेकंदांच्या आत.

प्लगइनमध्ये सपाट का लागतं? कारण संगणकात सगळे व्हॉइस जुळ्या भावंडांसारखे असतात. खऱ्या मशीनमध्ये प्रत्येक व्हॉइसचे भाग वेगळे, त्यामुळे कॉर्डमधला प्रत्येक स्वर थोडा वेगळा उघडतो. व्हॉइसनुसार फरक देण्याची सोय बहुतेक चांगल्या प्लगइनमध्ये असते. सूर २-३ सेंट, कटऑफ २-३ टक्के, पॅन थोडं डावं-उजवं. याहून जास्त केलं तर 'जुना' नाही, 'बेसूर' ऐकू येतं. आणि हात: खाली सी धरलेला, वर कॉर्ड सरकतात. कॉर्डच्या मधली शांतता तितकीच महत्त्वाची, पट्टी वेळेवर सोडा.

'टेक ऑन मी'साठी मात्र वरचं सगळं विसरा. १९८५ च्या गाजलेल्या आवृत्तीत जुनो-६० आणि डीएक्स७ एकावर एक आहेत. जुनोमध्ये एका व्हॉइसला एकच ऑसिलेटर, तोही डिजिटल घड्याळावर चालणारा, सुरातून घसरतच नाही. म्हणून त्यात डिट्यून (सुरातला मुद्दाम फरक) घालणं ही चूक. जुनोचा हलता, रुंद आवाज पूर्णपणे कोरसमधून येतो.

तुमच्याकडे १०६ आहे, तेवढं पुरे. सॉ आणि पल्स दोन्ही चालू, सब (एक सप्तक खालचा तरंग) बंद. हायपास (खर्ज कापणारा फिल्टर) १ वर ठेवा. १०६ मध्ये शून्यावर तो खर्ज वाढवतो, आणि या धुनीला तो नको. कटऑफ १० पैकी ६-७, एन्व्हलपचा परिणाम २-३, अटॅक ०, डिके ४, सस्टेन ५, रिलीज २, कोरस १. वरून डेक्स्डमधला एखादा छोटा, टोकदार आवाज जोडा, जुनोपेक्षा ८ ते १० डेसिबल खाली. वेगळा ऐकू आला तर जास्त झाला. बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं तर बरोबर.

कोरसची सळसळ हा बिघाड नाही. त्यातल्या बकेट-ब्रिगेड (आवाज पुढे ढकलत उशीर करणाऱ्या) चिपचा तो स्वभाव आहे, दोन नंबरच्या कोरसवर जास्तच.

पायपेटी:

थोडं विषयांतर. कार्यक्रमात द हूचं 'बाबा ओ'रायली' घेणार असाल तर सिंथ शोधत बसू नका. सुरुवातीचा तो पळता आवाज सिंथसायझरचा नाही, लॉरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनचा आहे, त्यातल्या मारिंबा रिपीटचा. द हूच्याच 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'मध्ये तसाच ऑर्गन ईएमएसच्या व्हीसीएस३ सिंथमधून काढलाय. आणि 'ब्लू मंडे'चा बेस मिनीमूगचा नाही, मूग सोर्सचा.

तिहाई_१६:

सगळ्यांचे आभार. टेस्ट मोड केला. सहा फेऱ्या, दरवेळी आकडा ४. तीन नंबर एकदम स्वच्छ. तिन्ही व्होल्टेज बरोबर. बेसला गेट ९० केलं आणि मोनोत पोकळपणा गेला. पियानोला १०२ वर बांधलं, पत्रा गेला.

म्हणजे चौथा ८००१७ए नक्की ना? काढण्याआधी अजून काही तपासता येईल? आणि कार्यक्रम दुरुस्तीच्या आधी आला तर?

सोल्डरचा_धूर:

३ स्वच्छ आहे म्हणजे ३-४ चा सामाईक एमसी५५३४ए बहुधा निर्दोष. बहुधा म्हणतोय, कारण त्याचा एकच अर्धा भाग जाऊ शकतो. म्हणून ऐकून खात्री करा. ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर एका वायरला जोडा, वायरचं दुसरं टोक छोट्या ॲम्प्लिफायरला, ॲम्प्लिफायरची जमीन (ग्राउंड) जुनोच्या जमिनीला. आवाज बारीक ठेवा. सर्किटच्या नकाशावर चौथ्या ८००१७ए ची आत येणारी आणि बाहेर जाणारी पिन शोधा. आत येणारा सॉ स्वच्छ आणि बाहेर जाताना करकर, तर मॉड्यूल गेला. आत येतानाच खराब असेल तर मागे जा. वीजपुरवठ्याच्या भागापासून हात लांब, आणि टोक दोन पिनांमध्ये घसरू देऊ नका.

त्याआधी भिंगातून त्या मॉड्यूलच्या पायांचं सोल्डर बघा. पायाभोवती बारीक गोल भेग दिसली तर ताजं सोल्डर द्या. कधी कधी तेवढ्यावर भागतं.

खुला_फिल्टर:

कार्यक्रम आधी आला तर: 'टेक ऑन मी'ची धून एकेरी आहे. जुनोच्या पॉली-१ या व्हॉइस वाटण्याच्या पद्धतीत व्हॉइस फिरत राहतात, त्यामुळे चौथा येणारच. पॉली-२ वर ठेवा. एकेरी धून नीट तोडून, रिलीज लहान ठेवून वाजवली की मशीन तोच व्हॉइस परत परत वापरतं. टेस्ट मोडमध्ये आकडा बघत एकदा संपूर्ण धून वाजवून बघा, ४ कुठेच दिसला नाही तर निर्धास्त. स्वर एकमेकांवर चढवलेत की मात्र पुढचे व्हॉइस जागे होतात. कॉर्ड सॉफ्टवेअरवरच वाजवा.